दूध उतू गेलेला फ्लॅट

सोम. ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८.४०
आबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होतो, तेवढ्यात दौंडहून वकीलताईंचा फोन. ग्राहक आयोगातल्या आमच्या केसमध्ये बिल्डरने आमचाच फोटो दिलाय. शिरूरच्या अर्धवट फ्लॅटमध्ये आई स्टोव्हवर दूध उतू घालतेय, आबा घोंगडीवर बसलेत. त्याचं म्हणणं, ‘ताबा दिला होता, मग उशिराची तक्रार कसली?’ मुहूर्त साधा असं तोच म्हणाला होता. त्याच संध्याकाळी त्याने किल्ली परत घेतली होती. फोनच्या नादात स्क्रू हरवला.

शुक्र. ७ नोव्हें.
दौंड, ताईंचं ऑफिस. आबा म्हणाले, “दूध उतू गेलं म्हंजी ताबा व्हय? मेंढरामागं व्हतो तवा दर नव्या रानात उतू घालायचो. रानं आमची झाली का?” ताई हसल्या. हे लिहून देणार.

मंगळ. १८ नोव्हें.
लिहून द्यायची वेळच आली नाही. बँकेच्या अर्जावरून बिल्डरची कंपनी दिवाळखोरीत गेली. आयोगातली केस जिथल्या तिथे थांबली.
ताई म्हणतात, घाबरू नका. कायदा बदलला, सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. आता फ्लॅट घेणारा बँकेसारखाच धनको. दावा लावायचा, कंपनीचं पुढे काय करायचं त्यावर मत द्यायचं.
“धनको म्हंजी?”
“सावकार, आबा.”
दिवसभर आबा आईला हाका मारतायत : “सावकारीणबाई, च्या टाका.”
आई : “आधी खिडक्या बसवा, सावकार.”

शनि. २२ नोव्हें.
दाव्याला फोटो जोडावा का? मी नको म्हणत होतो. आईने चष्मा लावून पाहिला, हसली. “वारा किती व्हता. पदराचा आडोसा धरलाय बघ. खिडकीला निस्ती भोकं.” ताई म्हणाल्या, दडवू नका, जोडा.
आबा : “जोड. लई दिसांनी हसलीय ती.”

रवि. १० मे २०२६
दावा मान्य झाला. आता मतदान, गुरुवारपर्यंत. नवा बिल्डर दीड वर्षात बांधून देतो म्हणतो, पण उशिराची भरपाई सोडायची. नाहीतर कंपनी मोडीत काढून जे हाती येईल ते. आम्हा फ्लॅटवाल्यांत जास्त मतं जिकडे, तिकडेच सगळ्यांचं मत धरणार. मी तीनदा वाचलं. आबांनी मोबाईल आईपुढे धरला. “तू सांग.”
“रातभर इचार करू द्या.”

झालेला खर्च : एसटी, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र मिळून १,८४०.
देणं : ताईंची फी. त्या आकडा सांगत नाहीत.
येणं : एक फ्लॅट, खिडक्यांसकट.
दूध एक लिटर, आबांकडून. ते म्हणतात, या खेपेला किल्ली हातात आल्यावर.