ओटेगोरोची आग विझवू नये याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक साहेब,
ज्वाला निर्मूलन कक्ष,
प्रादेशिक तेल कार्यालय, वारी.

अर्जदार : श्रीमती तोबोरे मुकोरो ओकपाको, विधवा, धंदा गारी सुकवणे, राहणार ओटेगोरो, खाडीकडची आळी.

विषय : मौजे ओटेगोरो येथील गॅसची ज्योत निदान हा पावसाळा सरेपर्यंत न विझविण्याबाबत.

संदर्भ : १) ओटेगोरो ग्रामस्थांचे सदर ज्योत तात्काळ विझविण्याबाबतचे वेळोवेळीचे अर्ज (उत्तर आलेले नाही).
२) आपले पत्र, सदर ज्योत या महिनाअखेर कायमची बंद करण्यात येत असल्याबाबत.

महोदय,

१. संदर्भ क्रमांक एकचे अर्ज आपल्या दप्तरात असतील, तर ते काढून या अर्जाशेजारी ठेवू नयेत, ही अर्जदाराची पहिली विनंती आहे. ठेवल्यास अक्षर एकच आहे, हे आपल्या ध्यानात येईल. ज्या हाताने ‘आग विझवा’ असे गावाच्या वतीने वारंवार लिहिले, तोच हात आज ‘विझवू नका’ असे लिहीत आहे. हे कोणत्या तोंडाने लिहावे, ते अर्जदाराला समजत नाही. पण अर्ज तोंडाने लिहायचा नसतो, म्हणून जमत आहे.

२. आधीच्या अर्जांतला एकही शब्द खोटा नव्हता, हे प्रथम नमूद करते. तेलाबरोबर निघणारा गॅस कंपनी रात्रंदिवस उघड्यावर जाळते, त्या ज्योतीच्या काजळीने छपराचे पत्रे सडतात, पावसाचे पाणी काळे उतरते, मुले खोकतात. सुरण पूर्वी मांडीएवढा येई, तो आता मनगटाएवढा येतो. खाडीत तेल शिरल्यापासून मासा गेला आणि जाळी खुंटीवर कुजली. गावात विजेचा एक खांब नाही, पण रात्रही नाही. कंपनीने वरच्या आळीला पाइपांच्या राखणीचे काम दिले आणि आमच्या आळीला दिले नाही. तेव्हापासून वरच्या आळीचे लोक आमच्या मयतीला येत नाहीत, आम्ही त्यांच्या बारशाला जात नाही. हे सर्व आजही तसेच आहे, त्यात काही दुरुस्ती नाही.

३. आता अर्जदाराचा धंदा. कसावाचा कंद किसून, आंबवून, पिळून त्याचे जे खडे होतात, ती गारी सुकवावी लागते. आमच्याकडे वर्षातले बहुतेक महिने पाऊस. उन्हावर भरवसा ठेवला, तर गारीला बुरशी येते. म्हणून आळीतल्या बायका ज्योतीभोवतीच्या मातीच्या बांधावर चटया अंथरून गारी वाळवतात. सकाळी टाकली की संध्याकाळी कडकडीत. बांधावर जिची तिची जागा ठरलेली आहे, ती सासू सुनेला देते. बाजारात लोक आमची गारी लांबून ओळखतात, कारण तिला धुराचा वास असतो. तो वास अंगालाही येतो आणि साबणाने जात नाही.

आमच्या शेतात आता कसावाही धड येत नाही, तो बाहेरगावाहून आणावा लागतो. म्हणजे ज्या आगीने शेत खाल्ले, तिच्याच उबेला बसून आम्ही जेवतो. महोदय, गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. अक्कल असते. तिचा उपयोग नसतो, एवढेच.

४. अर्जदाराचे पती कै. मुकोरो ओकपाको यांच्याबद्दल लिहिणे भाग आहे. ज्योत विझवावी म्हणून गावाने कंपनीच्या फाटकासमोर धरणे धरले, त्याचे पुढारपण त्यांच्याकडे होते. त्यांना लिहिता येत नसे. ते सांगत आणि अर्जदार लिही. ‘जरा कडक लिही गं,’ असे ते म्हणत. अर्जदार कडक लिही आणि मग भीतीने दोन ओळी मऊ करी. शेवटचा अर्ज कंपनीच्या साहेबांच्या हाती द्यायला ते फाटकापाशी पुढे झाले, तेव्हा शिपायांनी गोळ्या झाडल्या. अर्ज त्यांच्या हातात होता. तो पुढे आपल्या कार्यालयात आला की तिथेच चिखलात राहिला, हे अर्जदाराला आजवर कळलेले नाही. आला असल्यास त्यावरचा डाग शाईचा नाही.

बांधावरची अर्जदाराची जागा त्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहे. चटई अंथरताना अर्जदार त्या बाजूला पाठ करून बसते.

५. एवढ्या वर्षांनी आपले पत्र आले. गावाने ढोल वाजवले. वरच्या आळीचे लोकही नाचायला खाली उतरले. आपण गॅस नळाने शहराकडे नेणार आणि तिथे त्याची वीज होणार, असे पत्र वाचणाऱ्याने सांगितले. पत्र वाचणारी अर्जदारच होती. शेवटच्या ओळीला अर्जदाराचा आवाज बसला. लोकांना वाटले, नवऱ्याच्या आठवणीने बसला. अर्जदाराने तसे वाटू दिले.

६. त्यानंतर बांधावर बायकांत कुजबुज झाली. ‘गारीचं काय?’ हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता. अर्जदाराने मुदतवाढ मागण्याचे सुचवले आणि सह्या मागितल्या, तेव्हा शेजारच्या चटईवरची ओनाजिते म्हणाली, ‘तू हो पुढं. तुझं नाव घाल, आमची पोटं तुझ्या मागे आहेतच.’ अर्जदार म्हणाली, ‘पोटाची सही चालत नाही, बाई.’ त्यावर ती म्हणाली, ‘मग माझा नवरा मला घरात घेईल का? मुकोरोदादा ज्यासाठी गेला, ते नको म्हणून मी अंगठा देऊ? तू देऊ शकतेस. तुझाच तर होता तो.’ बायका हसल्या आणि मग हसल्याबद्दल गप्प बसल्या. या अर्जाखाली इतर सह्या का नाहीत, याचा खुलासा एवढाच आहे.

७. पुढील मजकूर लिहिताना अर्जदाराला मेल्याहून मेल्यासारखे होत आहे. तरी तो गाळला, तर अर्ज अपुरा राहील.

गेल्या महिन्यात आपल्या माणसांनी चाचणी म्हणून दिवेलागणीला ज्योत थोडा वेळ बंद केली. आधी तिचा घरघराट थांबला. तो आवाज आमच्या कानांत इतका मुरला आहे, की तो थांबल्यावर लोकांना बहिरे झाल्यासारखे वाटले. मग अंधार पडला. सारे गाव अंगणात आले. ओनाजितेची धाकटी ‘आई, आग मेली’ म्हणून रडू लागली, कारण अंधार तिने पाहिलाच नव्हता. म्हातारी माणसे वर बघून मुलांना चांदण्या दाखवत होती.

अर्जदाराच्या सासूबाई श्रीमती एमुओबो यांना दाराशी स्टुलावर बसवले होते. मुलगा गेल्यापासून त्या हसल्याचे कोणी पाहिलेले नाही. त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, ‘माझा मुकोरो झाला ना, तेव्हा अस्साच काळोख होता. सुईणीला कंदील धरावा लागला. ती म्हणाली, पोरगा काळोखासारखाच काळा आहे गं!’ आणि त्या हसल्या. सगळी आळी त्यांच्याभोवती गोळा झाली. कोणी रडत होते, कोणी त्यांचे पाय चेपत होते.

अर्जदार त्यांच्या शेजारी उभी होती आणि तिच्या मनात एकच विचार होता, की बांधावर दुपारी टाकलेली गारी अर्धी ओली आहे आणि खाडीकडून पाऊस चढत आला आहे.

तेवढ्यात ज्योत भडकन परत लागली. सगळ्या गावाच्या तोंडून ‘आई गं’ निघाले. अर्जदाराने मात्र दोन्ही हात वर केले आणि ती मोठ्याने म्हणाली, ‘देवा, तुझे उपकार!’ अर्जदार म्हणाली. मी म्हणाले, साहेब. ठरवून नाही म्हणाले, तोंडातून गेले. उजेड लख्ख पडला होता आणि माझे वर केलेले हात सगळ्यांना दिसले.

सासूबाईंनीही पाहिले.

८. आपण राजधानीहून बदलून आला आहात असे समजते, म्हणून आमची एक रीत कळवते. आमच्याकडे लहानाने सकाळी मोठ्यापुढे गुडघे टेकून ‘मिग्वो’ म्हणायचे असते. मोठ्याने ‘व्रेन्दो’ म्हणायचे, म्हणजे ऊठ बाळ. व्रेन्दो ऐकल्याशिवाय उठायचे नाही. एरवी याला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही. भांडण झालेल्या घरांतसुद्धा व्रेन्दो मिळते, मग लोक उठून भांडतात.

त्या संध्याकाळपासून सासूबाईंनी अर्जदाराला व्रेन्दो म्हटलेले नाही. अर्जदार रोज सकाळी गुडघे टेकते, मिग्वो म्हणते आणि थांबते. सासूबाई आगीकडे बघत राहतात. शिव्या नाहीत, मार नाही. वाढलेले जेवतात. अर्जदार बसून राहते, चुलीवरचे करपू लागते, आणि मग ती आपली आपणच उठते. न सांगता उठलेली सून या गावात अर्जदार एकटीच आहे. पाणवठ्यावर बायका तिच्या गुडघ्यांची माती बघतात आणि घागर भरून निघून जातात.

९. सबब विनंती, की
अ) ज्योत पावसाळा सरेपर्यंत ठेवावी;
ब) ते शक्य नसल्यास रात्री विझवून सकाळी पेटवावी. अर्जदार घरची चूल तशीच वापरते. म्हणजे सासूबाईंना काळोख मिळेल आणि बायकांना उबारा;
क) तेही शक्य नसल्यास अर्जदाराच्या सासूबाईंना आपल्या सहीशिक्क्याचे पत्र पाठवावे, की श्रीमती तोबोरे यांना व्रेन्दो म्हणण्यात यावे. आपल्या खात्याच्या आज्ञेवरून गावात शिपाई येतात आणि नळ येतात. तेव्हा एक शब्द येण्यास हरकत नसावी.

१०. येथपर्यंत अर्ज काल लिहून झाला होता. आज सकाळी टपालात टाकण्यापूर्वी अर्जदार नेहमीप्रमाणे गुडघे टेकून बसली, तेव्हा कागद कमरेच्या वस्त्रातून खाली पडला. सासूबाई म्हणाल्या, ‘काय ते?’ इतक्या दिवसांत त्या अर्जदाराशी बोललेले हे पहिले शब्द. अर्जदार म्हणाली, ‘अर्ज, आई.’ त्या म्हणाल्या, ‘वाच.’

अर्जदाराने गुडघ्यांवर बसूनच सगळा अर्ज वाचला. काळोखाच्या परिच्छेदाशी अर्जदार थांबली. सासूबाई म्हणाल्या, ‘तेपण वाच. तेच तर वाच.’ अर्जदाराने पुढचे क) पर्यंत वाचले. त्यावर सासूबाई जे बोलल्या, ते शासकीय भाषेत बसत नाही, म्हणून जसेच्या तसे देते.

‘अगं वेडे, तो साहेब कोण मला व्रेन्दो शिकवणार? तू माझ्यापुढं गुडघे टेकलेस का? तू टेकलेस त्या आगीपुढं. हात वर करून टेकलेस. मग ज्यांची आग, त्यांनी म्हणावं व्रेन्दो. मी का म्हणू?’

अर्जदार म्हणाली, ‘चुकले, आई.’

‘चुकलीस कशी? गारी ओली होती की नव्हती?’

‘ओली होती.’

‘मग? मी काय हवा खाते? रोज खोबऱ्याबरोबर तुझीच गारी चावते मी. दात नाहीत तरी चावते. धुराचा वास येतो, माहीत आहे मला. माझ्या लेकाला जिनं खाल्लं, तिच्यावर वाळलेली. तोंड वाकडं न करता गिळते. तुला आत्ता लाज वाटायला लागलीय. मला रोज वाटते, पहिल्या घासाला.’

मग त्या म्हणाल्या, ‘ते आग ठेवा, आग ठेवा खोडून टाक. माझा मुलगा ती ठेवण्यासाठी गेला नाही. विझवा म्हणून लिही. आणि विचार त्यांना, एवढी वर्षं एवढी आग आभाळाला खाऊ घातलीत, त्यातली एका चुलीपुरती बायकांसाठी ठेवायला तुमचं काय जातं? वर एक छप्पर घाला म्हणावं. गॅस शहरात न्या, आमच्या नाकावरून न्या, पण एक तोंड इथं उघडं ठेवा. आणि जरा कडक लिही गं.’

महोदय, ते शेवटचे शब्द ऐकून अर्जदाराने कागद तिथेच जमिनीवर ठेवून लिहायला घेतले. त्यामुळे पुढील अक्षर वाकडे आले आहे, क्षमा असावी.

११. सबब विषयात सुधारणा करण्यात येत आहे. कलम ९ मधील अ) आणि ब) रद्द समजावे. ज्योत विझवावी. ठरल्या दिवशी विझवावी, एक दिवसही लांबवू नये. मात्र बांधाच्या जागी त्याच गॅसवर चालणारी एक सामाईक भट्टी बांधून तिच्यावर छप्पर घालावे आणि दोन्ही आळींच्या बायकांना तिथे गारी वाळवू द्यावी. हे कार्यालयाचे उपकार म्हणून मागत नाही. गावाखालून निघालेल्या गॅसमधला आमचा एवढा वाटा आहे, आणि त्याची किंमत कलम ४ मध्ये दिली आहे. या कलमात अर्जदाराने एकही ओळ मऊ केलेली नाही.

१२. क) रद्द केलेले नाही. त्यात बदल आहे, तो असा.

सुधारलेला अर्ज वाचून झाल्यावर सासूबाई स्टुलावरून उतरल्या. त्यांच्या गुडघ्यांत पाणी झाले आहे, त्यांना उठवायला दोन माणसे लागतात. गावात त्यांच्याहून वडील कोणी उरलेले नाही, त्यामुळे त्यांनी कोणापुढे गुडघे टेकल्याचे आजच्या जाणत्या माणसांना आठवत नाही. भिंत धरून त्या खाली झाल्या आणि अर्जदाराच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. तोंड वारीच्या, आपल्या कार्यालयाच्या दिशेला. अर्जदार ‘आई, हे काय’ म्हणून त्यांना धरू लागली, तेव्हा त्यांनी हात झटकला. ‘अर्जदार एकटी नाही म्हणून लिही,’ त्या म्हणाल्या. ‘मागणाऱ्यानं गुडघे टेकायचे असतात. टेकले. आता त्याला म्हणू दे.’

त्यांनी स्वतःहून मिग्वो म्हटले. आपल्याला म्हटले, साहेब. आम्ही दोघींनी म्हटले. या घरात आता व्रेन्दो म्हणायला कोणी उरलेले नाही.

उत्तर लवकर द्यावे. त्यांना फार वेळ तसे बसवत नाही.

आपल्या उत्तरापर्यंत गुडघ्यांवर,

तोबोरे मुकोरो ओकपाको (सही)
एमुओबो ओकपाको (अंगठा)

ठिकाण : ओटेगोरो
दिनांक : १४ जुलै

सोबत : १) गारीचा नमुना, मूठभर. चावून पाहावा. धुराचा वास येईल.
२) कै. मुकोरो यांच्या शेवटच्या अर्जाची नक्कल, आठवून लिहिलेली. मूळ प्रत आपल्याकडे असल्यास परत मिळावी.