उरलेलं ऐकणं

प्रिय बाबा,

काल अंबरनाथला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तपासणीचा कागद बघून त्यांनी विचारलं, "कारखान्यात कामाला आहात का?" तुमची लेक, वय वर्षं तेवीस! तुम्हाला जाऊन पाच महिने झाले, तरी हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

कारखान्यात तर तुम्ही होतात. अठ्ठावीस वर्षं एमआयडीसीत, पॉवरप्रेसवर. कंपनीनं दिलेले इअरप्लग शर्टाच्या खिशातच राहायचे. "ते घातलं की मशीन कुठं अडकतंय ते कळत नाय," म्हणायचात. मशीनचं सगळं कळलं, स्वतःच्या कानांचं नाही? की कळत होतं, आणि मशीनवरून काढतील म्हणून लपवलंत?

घरी टीव्ही नुसता दणाणायचा. शेजारच्या काकू आपल्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांच्या ओट्यावर बसून ऐकायच्या. मी चिडून कॅम्प दोनच्या बाजारातून एमपीथ्री प्लेअर घेऊन आले. "फुल आवाज है बेटा, लगाके देख," दुकानदार म्हणाला. लावून बघितलं ते काढलंच नाही. तुम्ही टीव्ही वाढवायचात, मी गाणी. प्लेअरवर आवाजाचा आकडा तीसपर्यंत जायचा, मी तीसवरच ठेवायचे.

तुम्ही बजावलं नाहीत असं कसं म्हणू? समोर उभं राहून, हात लांब करून माझ्या खांद्याला लावलात. "एवढ्यावरून मी साधं बोललो तर तुला ऐकायला आलं पाहिजे. नाय आलं तर आवाज जास्त हाय. कमी कर, पोरी."

मी म्हटलं, "तुम्ही साधं बोलता कधी, बाबा?" आई हसली. तुम्हीही हसलात. तुम्हाला ते ऐकू तरी आलं होतं का?

पुढे माझ्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. तेव्हाही मी कोणाला बोलले नाही. कोणी हळू बोललं की मान डोलवायची, झालं काम. ही युक्ती मी तुमच्याकडूनच शिकले असणार.

आणि मग हॉस्पिटलमधली ती शेवटची दुपार. आई औषधं आणायला खाली गेली होती. जन्मभर मोठ्यानं बोललेले तुम्ही, त्या दिवशी हळू बोललात. मी उशाशीच होते. ओठ हलताना दिसले, शब्द पोचलेच नाहीत. मी मान डोलावली. तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत, ते पुन्हा उघडले नाहीत. बाबा, मी कशाला हो म्हटलं? काय मागत होतात? वाकून एकदा विचारायला माझं काय जात होतं!

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. आवाज निम्म्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, मधूनमधून कान मोकळे ठेवायचे. तेवढं करीन, ते सोपं आहे. अवघड दुसरंच आहे. काल चहा गाळता गाळता आई काहीतरी म्हणाली. मान हलणारच होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आई, ऐकू आलं नाही. परत सांग." तिनं गाळणं खाली ठेवलं आणि परत सांगितलं.

बाबा, यापुढे न ऐकता कोणालाही हो म्हणणार नाही, हे वचन. आणि तुम्हाला दिलेलं हो मोडणार नाही. कशाला दिलं ते मला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही जे जे मागू शकला असतात, ते सगळंच करीन.

तुमची,
सुजाता