कच्चा खर्डा

सोमवार
नवी नोकरी, नवी खुर्ची, आणि खिडकीतून थेट खालचा कारखाना दिसतो! पत्रा दाबायच्या मशीनची माहितीपुस्तकं लिहायची. इथली रीत मला फार आवडली. मी लिहिलेलं पान खाली मशीन चालवणाऱ्या मामांकडे जातं आणि मामा तेवढंच करतात. कमी नाही, जास्त नाही. चूक असेल तर तिथल्या तिथे उघडी पडते. ते सगळ्यांचेच मामा. मला म्हणाले, बाई, सांभाळून लिहा, हात माझे आहेत.
शेजारच्या टेबलावर जुन्या लेखिकाबाई. लिहिण्यात इतक्या गर्क की माझ्या नमस्कारालाही मान वर केली नाही. साहेब मात्र गोड. काम चालू असतानाच बघायला त्यांना आवडतं म्हणे.

मंगळवार
नाही, हे चालणार नाही! साहेब दिवसभर पाठीशी उभे. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं लाल पेन त्यावर. अर्धवट लिखाणावर लिहिणाऱ्याशिवाय कुणाचाही हक्क नसतो. भाजी चिरतानाच मीठ कमी म्हणणाऱ्याला कोण स्वयंपाकघरात उभं करतं? तोंडावर सांगितलं, कुठला भाग कधी दाखवायचा ते ठरवून घेऊ. तोवर प्रत्येक पानावर ‘कच्चा खर्डा’ असा शिक्का राहील. साहेब हसले, मान डोलावली. वाटलं, जिंकले.

बुधवार
जेवून आले तर टेबलावरचं पान गायब. खाली मामा मशीनमध्ये वाकलेले. हलत नव्हते. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. धावले. पान मशीनलाच टाचलेलं, शिक्का लाल पेनाने खोडलेला. माझी शेवटची ओळ: झाकण उघडून आत वाका आणि — तिथेच मी जेवायला उठले होते.
त्याच ओळीखाली लिहिलं, मागे या. मामा सरळ झाले. कंबर चोळत म्हणाले, अहो बाई, जेवायच्या आधी वाक्य तरी संपवत जा, पाठीचा पार भुगा झाला! सगळे हसले. मी नाही.

गुरुवार
आज लिहायचंच नाही असं ठरवलं. साहेबांनी टोपलीतून माझं टाकलेलं पान काढलं. उजवा हात साच्याखाली ठेवा आणि — एवढंच. खाली नेऊन टाचलं.
मामांचा हात साच्याखाली. ओढला, निघेना. मी लिहिते, हात बाहेर घ्या, साहेब खोडतात. पुन्हा लिहिते, पुन्हा खोडतात. पुरं झालं की सुधारायला काही उरत नाही, म्हणाले. किती शांतपणे!
साक्षीला चला म्हणून लेखिकाबाईंना हलवलं. खांद्यावर धूळ. पेन कागदाला टेकलेलं, शाई केव्हाच वाळलेली. वाक्य अर्धं. बाजूला लाल अक्षरं: छान. असंच राहू द्या.

शुक्रवार
मामांचा हात अजून तिथेच, आणि साहेबांनी मशीन सुरू केलीय. साचा उतरतोय, सावकाश —
कागद सगळे त्यांनी काढून घेतले. ही वही राहिली. वही घेऊन खाली आलेय. पान फाडलं. मामा, हात बाहेर घ्या. पूर्णविराम. टाचलं —
निघाला! हात निघाला! मामा रडतायत, बोटं चाचपतायत —
मागे कुणीतरी. खांद्यावरून वाचतंय. लाल पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज —
साहेब, हे कच्चं आहे. हे तुमच्यासाठी नाही. मी ही वही मिटते, मामांचा हात धरते आणि