रुपाच्या पायावरची रेघ

१० नोव्हेंबर, नवापूर
पोल्ट्रीवर राहायला खोली मिळाली. पत्र्याची आहे, पण खिडकी मोठी. सुरतेची गाडी दिसते. माझी लेक रुपा, तेरा वर्षांची, दर गाडीचे डबे मोजते. प्रकाशा गावाहून दोनच पेट्या आणल्या, एक भांड्यांची, एक पुस्तकांची. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याच पेनाने लिहिते आहे. शेडवरची जुनी बाई दिवलीबाई पुस्तकं पाहून म्हणाली, "मास्तरीणबाई, आते कोंबड्यासले शाळा शिकाडशी का?" खूप दिवसांनी हसले.

१९ नोव्हेंबर
काम जमलं. सकाळी टाकीच्या पाण्यात औषधाची पांढरी पूड कालवायची. कोंबडी आजारी असो-नसो, पूड रोज. बायका स्वतःच्या तापाला आणि जखमेलाही तीच वापरतात. पुडा वाचायला मला बोलावलं. जंतू मारते, असं हिंदीत होतं. खाली बारीक अक्षरांत, फक्त पशुपक्ष्यांसाठी. तेही वाचून दाखवलं. दिवलीबाई म्हणाली, "मंग आपण काय येगळा शेतस का व माय?" साऱ्या हसल्या, मीही. रुपाला कणकण होती. चिमूटभर पाण्यातून दिली. सकाळी अंग गार.

८ जानेवारी
रुपाला खोकला, रुपाला गळू, की चिमूट. बायका आता प्रमाण मलाच विचारतात. वाचणाऱ्या बाईचा शब्द चालतो. बरं वाटतं, खोटं कशाला लिहू?

२ फेब्रुवारी
रुपाच्या घोट्याला कोंबडीचं नख लागलं. पूड दाबून बांधलं.

५ फेब्रुवारी
पाय लाल, गरम, सुजलेला. इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. म्हणाले, लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा. लाली रेघेबाहेर गेली तर थेट सुरत गाठा. ह्यांच्याच पेनाने ओढली. रुपाला गुदगुल्या झाल्या.

६ फेब्रुवारी
लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर. दुपारच्या गाडीने निघालो. तिने डबे मोजले नाहीत.

९ फेब्रुवारी, सुरत
जखमेतल्या पुवाच्या तपासणीचा कागद आला. एकवीस औषधं, एकवीस वेळा 'चालत नाही'. शेवटचं नाव अक्षरं जुळवून वाचलं. पुड्यावर तेच होतं. डॉक्टर आयुषी शहाद्याच्या व्यापाऱ्याची लेक, आपल्या बोलीत बोलतात. त्यांनी विचारलं, हे हिला आधी कोणी दिलं? मी सांगितलं. म्हणाल्या, हे आम्ही अगदी शेवटी काढतो. रोज थोडं थोडं मिळालं की जंतू त्याच्याशी लढायला शिकतात. मला दिवलीबाईची शाळा आठवली. आयुषीताई रागावल्या नाहीत. रागवायला हवं होतं.

११ फेब्रुवारी
त्यांनी प्रयोगशाळेतली काचेची बशी दाखवली. रुपाच्या पायातले जंतू, सायीसारखे पसरलेले. मध्ये त्यांच्या नव्या औषधाचा एक थेंब, आणि भोवती गोल, स्वच्छ, मोकळी जागा. औषधात बेडकाच्या कातडीत असतात तसे प्रथिनांचे इवले तुकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या चांदीच्या कणांवर बसवलेले. जंतूंचं वरचं आवरणच फाडतात.
मी म्हटलं, मग द्या.
म्हणाल्या, अजून उंदरांवरच चाललंय. माणसाचं रक्त, मूत्रपिंड सोसेल का, माहीत नाही. परवानगीला अर्ज केलाय. आज-उद्यात होणारं नाही. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मन्हा हातमा ऱ्हातं ना मावशी, ते कवयच दिधं ऱ्हातं."
बशी पुन्हा फ्रिजमध्ये. रुपाच्या खाटेपासून साठ पावलं. मी मोजली.

१२ फेब्रुवारी
पाचवी रेघ. गुडघ्यावर.
बशीत एवढी मोकळी जागा झाली. एका थेंबाने —

१३ फेब्रुवारी
पाय काढायचा म्हणतात. सही केली.
दिवलीबाईचा फोन. नातीला ताप आहे, चिमूट किती देऊ? ओरडले, देऊ नको, फेकून दे. ती म्हणाली, दोन दिवसांपासून देते आहे. "तूच ते वाचीसन सांगं व्हतं."
मीच —

१४ फेब्रुवारी
पाय काढला.
लाली कापल्या जागेच्या वर.

१५ फेब्रुवारी
पोटावर रेघ. शाई पुसट उमटते. अंग फार गरम —
आयुषीताई फोनवर कोणाला तरी विनवताहेत. काचेतून दिसतं. मान खाली —

१६ फेब्रुवारी
रेघ बरगडीशी.
रुपा म्हणते, आई, आता नको ओढू. मी म्हटलं, नाही ओढली तर कुठवर आलं ते कळणार कसं? म्हणाली, नकोच कळायला. पेन मागते आहे. म्हटलं, एवढी ओळ पुरी करू दे. तिची बोटं माझ्या बोटांवर, किती गरम, ओढते आहे, मी