आईचा खुबा

४ फेब्रुवारी
आई पडली. जन्मभर तलावाच्या ओल्या फरशीवर उभी राहून पोरांना पोहायला शिकवलं, पाय कधी घसरला नाही. आणि आज स्वयंपाकघरात, कोरड्या ठणठणीत फरशीवर! खुब्याचं हाड मोडलंय.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात बसतो, त्याच्याखालची मान तुटून सरकलीय. वाटा दोन. स्क्रू घालून जोडायचं — ऑपरेशन छोटं, पण या वयात हाड जुळेलच असं नाही. नाहीतर गोळाच काढून धातूचा बसवायचा. "मला विचाराल तर गोळा बदला," म्हणाले.

दादाला फोन केला. "आईला एवढी चिरफाड सोसणार नाही. छोटं ते बरं." मलाही तेच ऐकायचं होतं.

"आजींना विचारलंत?" डॉक्टर म्हणाले.

आई इंजेक्शनच्या गुंगीत होती. हाक मारली असती तर उठली असती. म्हटलं, कशाला तिच्या जिवाला घोर. स्क्रूच्या ऑपरेशनवर सही करून मोकळी झाले.

११ फेब्रुवारी
ऑपरेशननंतर आज आई वॉकर धरून दारापर्यंत गेली. हायसं वाटलं.

१८ एप्रिल
जांघेत कळा येतात म्हणून कधीची सांगत होती. मी म्हणायचे, व्यायामाचा कंटाळा! आज एक्स-रे काढला. हाड जुळलंच नाही. गोळा खचलाय, स्क्रूचं टोक बाहेर आलंय. गोळा बदलावाच लागणार. डॉक्टर मला काही लावून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

टॅक्सीत आईला सगळं सांगितलं — तेव्हा दोन वाटा होत्या, तेही.

"मला उठवायचं होतंस," एवढंच म्हणाली.

१९ एप्रिल
दादा: "झालं ते झालं." मी फोन ठेवून दिला.

२३ एप्रिल
आईने डॉक्टरांना प्रश्नांनी भंडावून सोडलं. गोळा किती टिकेल? पाण्यात उतरता येईल? तलावावरची तिची जुनी मैत्रीण शेजारी बसली होती. सही आईनेच केली. मी पेन पुढे केलं, तिने मैत्रिणीचं घेतलं.

२ मे
ऑपरेशन नीट पार पडलं. आई उभी राहतेय. घरी मी सतरंज्या काढल्या, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, माझी खोली तिला रिकामी करून दिली.

५ मे
आई हॉस्पिटलातून थेट मैत्रिणीकडे राहायला गेली. पिशवी मीच पोचवली. दारात माझा हात धरून म्हणाली, "राग नाही गं. पण तुझ्याकडे मी पेशंटच राहीन."