कपाटातले पाच पेनड्राइव्ह

१८ नोव्हें.
गावच्या मराठी शाळेत गेले. पाच कॉम्प्युटर, पाचही हार्डडिस्क मेलेल्या. खारी हवा. हेडमास्तरीण बाई भंगारात द्यायच्या बेतात. म्हटलं, डिस्क नकोच, पेनड्राइव्हवरून अख्खी सिस्टीम चालते.
"गो, ह्या काडयेवर कॉम्प्युटर चलतलो?"
चलतलो म्हटलं. हसल्या. हसू देत.

२५ नोव्हें.
पाचही चालू. स्लो, पण लिनक्स आलं, विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम. सहावीची पोरं माशांची माहिती टाईप करतायत, घरी विचारून. सायलीची आई मासे विकते, तिने सतरा नावं आणली. मला त्यातली पाच माहीत (इंग्लिश मीडियम, फक्त खायला पुढे). कालची फाईल आज तशीच उघडली तर दोनदा बंद करून परत बघितली तिने.

२९ नोव्हें.
ओरोसहून, जिल्ह्याच्या ऑफिसातून, साहेब. फोटो, "स्तुत्य उपक्रम" वगैरे. जाताना म्हणाले, पेनड्राइव्ह डेडस्टॉकला घ्या. म्हणजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरात.

२ डिसें.
स्क्रीन काळे. पेनड्राइव्ह बाईंच्या कपाटात.
"हरवले तर सायबाक उत्तर कोण देतलो? तू?"
बाई, कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हमध्येच आहे, समोर नुसतं खोकं.
"म्हणानच कुलपात ठेवलंय."
बाबांनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा दिला, टेबलाला बांधून ठेव म्हणून. तेही नको. रजिस्टरातली वस्तू.

१२ डिसें.
ठाण मांडून बसले. शेवटी कपाट उघडलं. एक लावला. काही नाही. दुसरा. पाचही कोरे.
बाई शांतपणे म्हणाल्या, नोंद करायच्या आधी वस्तू तपासायची असते. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावले, तो म्हणाला फॉरमॅट करा. केले. "पाचय चांगले आसत गो."
विंडोजला लिनक्स वाचता येत नाही, म्हणून ते तसं विचारतं. मला माहीत होतं. सांगायचं सुचलं नाही. पोरांच्या माशांच्या फाईलींचा बॅकअपही नाही. आणि मी जगाला बॅकअप शिकवणार.
बाईंवर चिडणं सोपं आहे. चिडलेच.

१३ डिसें., शनि.
लिनक्स परत टाकीन, अर्ध्या दिवसाचं काम. पण मग परत कपाट. बाई म्हणतात, साहेब येतील तेव्हा काढू.
फाटकात सायली. आणखी चार नावं, तळहातावर पेनने.
"ताई, आमचे मासे कपाटात आसत मां?"
आसत, म्हटलं.
"मगे ही सोमवारी घालूया?"
सोमवार परवा.