पहिलीच्या वर्गातल्या चार खुर्च्या

तू त्या शाळेत बसलीस ती कोणाच्या जागेवर? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. आमच्या सेंट लुईसमध्ये अनोळखी माणसं भेटली की नावानंतर लगेच विचारतात, शाळा कुठली. मी जन्मभर ताठ मानेने सांगत आले, ऑलिफंट विज्ञान मॅग्नेट शाळा. आणि कोणी न विचारताच पुढे जोडत आले, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून.

मी नेरिसा जून थ्रेडगिल, वय एकोणतीस, त्याच शाळेत पहिलीची शिक्षिका, आमच्या घरातली पहिली पदवीधर. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ नर्सने विचारलं, मृत्युपत्र केलंय का. म्हणून हे लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही.

१. माझी गाडी माझा जुळा भाऊ कॉर्डेल याला द्यावी. तो गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो, आणि ती चढावर का खोकते हे त्यालाच कळतं. बँकेतली शिल्लक आई, व्हर्लीन थ्रेडगिल, हिला द्यावी. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं उभी आहे. त्या पैशातून तिने आधी गुडघे दाखवावेत, चर्चला पंखे घेऊन देऊ नयेत. माझं पदवीचं प्रमाणपत्र तिच्या दिवाणखान्यात आहे. ते तिच्याकडून कोणी मागू नये.

२. माझा सूक्ष्मदर्शक माझ्या वर्गाला द्यावा. तो कपाटात कुलूपबंद ठेवू नये. मुलं काच फोडतील. फोडू द्यावी.

३. शाळेच्या दर्शनी भिंतीवर माझा सहा वर्षांची असतानाचा फोटो आहे. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, आणि खाली लिहिलंय, ‘एका चिठ्ठीने उघडलेलं दार.’ तो फोटो मी कोणाच्याही नावे करत नाही. तो काढून टाकावा. कारण असं.

ऑलिफंटसारख्या मॅग्नेट शाळा निघाल्या त्या कृष्णवर्णीय आणि गोरी मुलं एका वर्गात बसावीत म्हणून. शहरातली आमची मुलं आणि उपनगरांतली गोरी मुलं, प्रत्येक बाजूला ठरावीक जागा, अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या. ही कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. तिच्यासाठीच मी शिक्षिका झाले. ऑगस्टमध्ये तळघरातले जुने कागद बाहेर काढताना कार्यालयातल्या डोरोथियाबाईंना २००२ सालचे दोन अर्ज एकाच टाचणीत सापडले. त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “बस आधी.”

दोन्ही अर्जांवर आईचं अक्षर होतं. वर्णाच्या चौकटीत एकच खूण करायची होती. कॉर्डेलच्या अर्जावर खूण ‘कृष्णवर्णीय’वर. माझ्या अर्जावर ‘गोरी’.

मी त्या वर्षीची वर्गयादी मागून घेतली.

तिच्यात गोऱ्यांच्या बाजूला नऊ जागा होत्या आणि अर्ज चार. चिठ्ठी काढायची वेळच आली नव्हती. उरलेल्या पाच खुर्च्या वर्षभर रिकाम्या राहिल्या. कॉर्डेल त्याच्या बाजूच्या प्रतीक्षायादीत दुसरा होता, आणि दुसराच राहिला.

मी अर्ज घेऊन आईकडे गेले. ती ओट्याशी मांसाच्या फासळ्यांना मसाला चोळत होती. तिने हात धुतले, चष्मा लावला, दोन्ही कागद वाचले आणि तिला आश्चर्य वाटलं नाही. मला त्याचाच धक्का जास्त बसला.

“तुमचा बाप गोरा, मी काळी,” ती म्हणाली. “खूण एकच करायची होती. यात खोटं काय लिहिलं मी?”

मी विचारलं, मग दोघांच्या दोन खुणा का.

“एक आत गेलं की दुसऱ्याला नंतर घेतात, असं शाळेत म्हणाले होते. भावंडांचा नियम होता ना.”

नियम होता. पण भावंडं एकाच चौकटीतली असली तरच. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमचा बाप ओवेन आम्ही तीन वर्षांचे असताना आर्कान्सासला गेला तो गेलाच. त्याचा रंग तेवढा ती माझ्यासाठी वापरू शकली.

मी म्हटलं, दोघांनाही गोऱ्यात का नाही घातलंस?

“कॉर्डेलकडे बघ ना, बाळा,” ती म्हणाली. “तो माझ्यावर गेला, तू बापावर. कोणाला खरं वाटलं असतं?” आणि पुन्हा फासळ्यांकडे वळली.

४. कॉर्डेलविषयी. वसंतात तो माझ्याकडे आला होता. त्याची मुलगी टॅलिया सहा वर्षांची झाली. शिक्षकांच्या घरातल्या मुलांना जागा मिळते, तेव्हा ती माझ्याकडे राहते असं लिही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी त्याला चांगलं अर्धा तास ऐकवलं. नियम सगळ्यांना सारखा, मीसुद्धा चिठ्ठीनेच आले, वगैरे. तो टोपी घालत म्हणाला, “मास्तरीणबाई, तुमची चिठ्ठी फ्रेम करून ठेवा.” मग स्वतःच हसला. “अरे हो, ती केलेलीच आहे.”

टॅलियाचं नाव प्रतीक्षायादीत तिसरं लागलं. आता वर्णाची चौकट नाही, पत्त्याची आहे. पण उपनगरांसाठी राखलेल्या माझ्या वर्गातल्या चार खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या आहेत. महिनाअखेरीस पटाची मोजणी होईपर्यंत त्या कोणाला द्यायच्या नाहीत, आणि मोजणीनंतर वर्षभर कोणी विचारत नाही. गेली चार वर्षं मी त्यांच्यावर रंगपेट्या ठेवत आले आहे. मला त्यात कधी काही दिसलं नाही, हे या मृत्युपत्रात नोंदलं जावं.

दोन्ही अर्ज मी कॉर्डेलला त्याच्या गॅरेजात वाचून दाखवले. तो गाडीखाली होता, फक्त बूट दिसत होते. मग आवाज आला, “दहा नंबरचा पाना दे.” मी दिला.

बाहेर आल्यावर त्याने हात पुसले. “तेवीस वर्षं मी समजत होतो की माझं नशीब वाईट आहे,” तो म्हणाला. “नशिबावर रागावता येत नाही, हे बरं होतं.”

आईवर रागावू नकोस, असं मी म्हणणार होते. तोच म्हणाला, तिला काही बोलू नकोस, तिच्या हातात दोन मुलं होती आणि एकच गोरं दिसत होतं. मग त्याने विचारलं, टॅलियाचं काय. मी म्हटलं, खोटा पत्ता लिहिणार नाही. त्याने मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे त्याला ठाऊक होतं. ती मान मला अजून दिसते.

५. मुख्याध्यापिका मिसेस होल्टकँप यांच्याशी माझं वैर नाही. त्या भल्या आहेत आणि सगळं नियमाने करतात. त्यांना माझी कुंडीतली फर्न द्यावी. तिला पाणी नियमाने लागतं.

६. मला नोकरीवरून काढलं, तर तिथून मिळणाऱ्या रकमा कलम एकमधल्या शिल्लकीत धरू नयेत. तशी शक्यता आहे, कारण पुढचं काम मी मरणोत्तर इच्छा म्हणून मागे ठेवलेलं नाही.

रविवारी मी प्रतीक्षायादीतल्या पहिल्या चार घरांना, यादीच्याच क्रमाने, फोन केले. सोमवारी मुलाला माझ्या वर्गात पाठवा म्हटलं; पुढे काय होईल याची खात्री नाही, हेही सांगितलं. टॅलियाच्या घरी तिसरा फोन केला. काल, सोमवारी सकाळी, शिपाई मि. टिली यांनी आणि मी रंगपेट्या खाली उतरवल्या आणि चारही खुर्च्या टेबलांशी ओढल्या. मिसेस होल्टकँप दारात आल्या. मोजणीच्या दिवशी वर काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी माझ्या सहीचं पत्र त्यांना दिलं; त्याला ते दोन अर्ज जोडले होते. मग हजेरीपटात शाईने चार नावं वाढवली आणि प्रत्येकाला हाक मारली. टॅलिया इतक्या मोठ्याने ‘हजर’ म्हणाली की शेजारचा वर्ग हसला.

ठिकाण: सेंट लुईस, मिसूरी
दिनांक: १६ सप्टेंबर २०२५
सही: नेरिसा जून थ्रेडगिल

आमच्यासमोर सही केली. साक्षीदाराला काही मिळत नसतं, हे आम्हाला सांगण्यात आलं आहे.
१. डोरोथिया बँक्स, शाळा कार्यालय
२. अँब्रोज टिली, शिपाई